चौदा कड्यांची दोरी

अक्षदा शिगवणच्या प्रोबेशनचे नऊ दिवस उरले होते आणि तिच्या फाइलला दोन मेमो लागले होते. तिसरा लागला की काम गेलं, असा नियम होता. दोन्ही मेमोंचं कारण एकच होतं. ती मुलं मोजत नाही.

हे मला नक्की माहीत आहे, कारण दोन्ही मेमो मीच टाइप केले होते. इथे आखातात, महबूला नावाच्या वस्तीत, समुद्राच्या बाजूला एका सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर आमची बालवाडी आहे. इथले लोक तिला हदाना म्हणतात. दोन ते पाच वर्षांची मुलं सकाळी सातला येतात, दुपारी एकला जातात. हजेरी, दारावरची नोंद, कर्मचाऱ्यांचे कागद ही ऑफिसची कामं गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. या वर्षाअखेर मी ती दुसऱ्याकडे सोपवणार आहे. त्याआधी हे लिहून ठेवावं असं वाटलं, कारण या कामात नव्यानं येणाऱ्या बायकांना मी जे छापील पान देतो, त्यात अक्षदाची गोष्ट नाही.

ती आली जानेवारीत, प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोनच कागद घेऊन. एक होता बालशिक्षणाच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा. दुसरा गुहागर तालुक्यातल्या तिच्या गावच्या अंगणवाडीचा अनुभवाचा दाखला, त्याची शाई पुसट झालेली. तिचा नवरा शैलेश एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांमुळे तो माझ्या ओळखीचा. त्याचं कंत्राट मे महिन्यात संपणार होतं आणि पुढचं मिळेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. अक्षदाचं काम पक्कं झालं तर निदान काही महिने निभणार होते. नाही झालं तर मुलगी अक्षरा हिला शाळेतून काढून तिघांनी गाव गाठायचं, असं त्यांचं ठरलं होतं. हे मला शैलेशनं सांगितलं. अक्षदानं कधीच नाही.

नऊ वर्षं ती इथे घरात होती. त्याआधी, लग्नापर्यंत, ती गावच्या अंगणवाडीत गोदूबाईंच्या हाताखाली होती. गोदूबाई म्हणजे तिथल्या सेविका. सतराव्या वर्षी अक्षदा त्यांच्याकडे खिचडी वाढायला म्हणून गेली आणि काम शिकली. तिच्या सगळ्या कामावर त्या बाईंचा शिक्का होता.

पहिल्याच आठवड्यात ते दिसलं. अहमद नावाचा अडीच वर्षांचा मुलगा पाठीवरची बॅग काढायला तयार नव्हता. बॅग काढली म्हणजे आई आता येणार नाही, असं त्याच्या मनात बसलेलं. आधीच्या बाईंनी दोन दिवस ओढाताण केली होती. अक्षदानं आपली पर्स खांद्याला अडकवली आणि दिवसभर ती तशीच वावरली. जमिनीवर बसताना, रंग कालवताना, मुलांचे हात धुताना पर्स खांद्यावर. तिसऱ्या दिवशी तिनं पर्स खुंटीला लावली. अहमदनं आपली बॅग शेजारी लावली.

“हे कोर्समध्ये शिकवतात का गं?” मी विचारलं.

“नाय हो काका. कोर्समध्ये म्हणतात, मुलाच्या पातळीवर उतरा. गोदूबाई म्हणायच्या, त्याच्यासारखी हो.”

आमच्या मुख्याध्यापिका मिस लीना बैरूतच्या. पन्नाशीच्या, बोलण्यात कडक, तेवीस वर्षं याच कामात. त्यांनी हे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “ही टिकेल.” पण त्यांचा एक नियम असा होता की त्यावर वाद चालत नसे. मुलांनी कुठलाही दरवाजा ओलांडला, वर्गातून अंगणात, अंगणातून वर्गात, की बाईंनी डोकी मोजायची, मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि मी तो लिहायचा. लहान मुलांच्या कामात सगळ्यात धोक्याची वेळ खेळण्याची नसते, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची असते. हे वाक्य माझ्या छापील पानावर पहिलं आहे.

अक्षदा तिथेच अडकली. ती मुलांच्या डोक्याला एकेकाला हात लावी आणि नाव घेई. अहमद, मरियम, जोएल, खतिजा. शेवटच्या मुलापर्यंत पोचली की मान हलवी.

“किती?” मी दारात रजिस्टर धरून उभा.

“सगळी आली काका.”

“सगळी म्हणजे किती?”

“तुम्ही मोजा की. बी.कॉम. तुम्ही आहात.”

“अगं, आकडा तुझ्या तोंडून यायला हवा.”

“पोरं मोजू नयेत.” हे ती हळू म्हणाली. “मोजलेलं कमी होतं. गोदूबाई ताटल्या मोजायच्या. सरकारी वहीत आकडा लागायचा तो ताटल्यांचा.”

कोकणातच काय, आमच्याकडे साताऱ्यालाही जुन्या बायका हे म्हणत. मला ते नवीन नव्हतं. पण मिस लीनांना मी काय समजावणार? मी एवढंच सांगितलं की ती नावानं हजेरी घेते. त्या म्हणाल्या, “नावांना एक मिनिट लागतं, आकड्याला दहा सेकंद. आग लागली तर मला ते एक मिनिट कोण देणार?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फेब्रुवारीत पहिला मेमो गेला, मार्चमध्ये दुसरा. शैलेश मला भेटला तेव्हा हसण्यावारी नेत म्हणाला, “काका, माझ्या चपात्या मात्र ती बरोबर मोजते.” हसून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

दुसऱ्या मेमोवर सही करताना अक्षदानं विचारलं, “तिसरा कधी?”

“पुन्हा चुकलीस तर.”

“मग मोजते,” ती म्हणाली. पण त्यानंतरही दाराशी ती नावंच घेई, आणि आकडा तिच्या वर्गाच्या मुख्य बाई म्हणून टाकत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धुळीचं वादळ आलं. सकाळी साडेसातलाच आकाश तांबडं झालं आणि आठपर्यंत समोरची इमारत दिसेनाशी झाली. इथे याला तोज म्हणतात. दार बंद असलं तरी दाताखाली वाळू करकरते. बालवाडी बंद ठेवणार का, मुलाला आणू का, परत न्यायला येऊ का, असे फोन सुरू झाले ते थांबेनात. लहान वर्गाच्या मुख्य बाईंना दमा, त्या आल्याच नव्हत्या. म्हणून मिस लीना स्वतः अक्षदाबरोबर लहान वर्गात होत्या. तिथे चौदा मुलं. मोठ्या वर्गात तारा मिस आणि माझ्या रजिस्टरप्रमाणे सतरा मुलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी आगीची घंटा वाजली.

ती महिन्यातून एकदा सरावासाठी वाजते. पण त्या दिवशी सराव नव्हता, आणि पॅसेजमध्ये जळक्या रबराचा वास येत होता. मी रजिस्टर उचलून बाहेर आलो. लहान वर्ग दोरी धरून रांगेत येत होता. या दोरीला चौदा प्लास्टिकच्या कड्या आहेत. एका मुलानं एक कडी धरायची, सोडायची नाही. पुढे अक्षदा, मागे मिस लीना. धुळीत जायचं म्हणून मुलांना जॅकेटच्या टोप्या ओढून दिल्या होत्या आणि तोंडावर ओले रुमाल बांधले होते. नुसते डोळे दिसत होते. घंटेच्या आवाजानं निम्मी मुलं रडत होती.

बाहेरच्या दाराशी अक्षदा थांबली. पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “अहमद.”

“नावं नकोत,” मागून मिस लीना ओरडल्या. “आकडा!”

अक्षदानं मागे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा हात दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर होता. तो तिनं काढून घेतला.

मिस लीनांनीच बोटानं मोजलं. “चौदा. कड्या भरलेल्या आहेत. चला!”

मी चौदा लिहिलं. तारा मिसनी मोठी मुलं मोजली.

“सतरा?” मी विचारलं.

त्या एक क्षण थांबल्या. “सतरा,” म्हणाल्या. मी सतरा लिहिलं.

धुळीच्या दिवशी मैदानात जमता येत नाही. म्हणून शेजारच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जमायचं ठरलेलं आहे. मधली गल्ली वीस पावलांची, पण त्या वीस पावलांत मला पुढची अक्षदा दिसत नव्हती. नुसती दोरी दिसत होती, ताणलेली. तिथल्या हारिसनं, म्हणजे इमारतीच्या राखणदारानं, लोखंडी दार उघडून धरलं. आम्ही आत आलो. मुलं भिंतीलगत बसवली. मिस लीनांनी पुन्हा मोजलं. चौदा. सतरा. माझे दोन्ही आकडे जुळले. मी रजिस्टर मिटलं.

अक्षदा मात्र बसली नाही. ती वाकून एकेका मुलाचा रुमाल खाली करत होती आणि ओठांतल्या ओठांत नाव घेत होती. रांगेच्या शेवटाला पोचली, परत पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्यांदा शेवटाला आली तेव्हा सरळ उभी राहिली.

“खतिजा नाहीये.”

“चौदा आहेत,” मिस लीना म्हणाल्या. “मी दोनदा मोजलं. तू घाबरली आहेस. बस.”

“चौदा असतील. खतिजा नाहीये.”

तिनं अहमदच्या शेजारच्या मुलाची टोपी मागे केली. तो साकिब होता. अहमदचा मोठा भाऊ, चार वर्षांचा, अंगानं बारीक, मोठ्या वर्गातला. घंटा वाजल्यावर तो आपल्या वर्गातून निघून भावाच्या रांगेत शिरला होता आणि रिकामी कडी दिसली ती त्यानं धरली होती. अजूनही त्यानं एका हातानं कडी आणि दुसऱ्या हातानं अहमदचं मनगट घट्ट धरलं होतं.

तारा मिस जवळ आल्या. “साकिब? मग माझ्याकडे सतरा कसे?” असं म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला वाटलं होतं अठरा. पण तुमच्या कागदावर सतरा होते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अहमदला आईनं सातला सोडलं होतं; साकिब तेव्हा उठला नव्हता, त्याला वडिलांनी उशिरा, पावणेनऊला आणलं. त्याच्या वडिलांची गाडी रस्त्यात उभी होती, मागून हॉर्न वाजत होते, माझ्या कानाला फोन होता. मी दार उघडून मुलाला आत घेतलं, बोटानं वर्ग दाखवला. नोंद फोन संपल्यावर करीन म्हटलं. एक फोन संपला, दुसरा आला. नोंद राहिली.

“तो उशिरा आला होता,” मी म्हणालो. “मी लिहिलं नाही.”

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की बेरीज जुळली म्हणजे नोंदी बरोबर असतातच असं नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं.

मिस लीनांचा चेहरा पांढरा पडला. अग्निशमनाला फोन गेला होता, पण अशा धुळीत गाडी कधी पोचणार? त्या अक्षदाला म्हणाल्या, “तू जा. ती तुला ओळखते.”

अक्षदाच्या कमरेला दोन मुलं बिलगली होती, तिसऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक धरलं होतं. ती हलली नाही. “मी निघाले की ही सगळी माझ्या मागे त्या गल्लीत येतील. तुम्ही तेरा जणांना धरू शकाल का?”

मिस लीनांनी ओढणीला धरलेल्या त्या मुलाकडे पाहिलं. तसंच झालं असतं.

“काका, तुम्ही जा,” अक्षदा म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “झोपायच्या खोलीत बघा, गाद्यांच्या मागे. मोठा आवाज झाला की ती तिथेच शिरते. आणि ऐका, तिचा एक बूट सकाळपासून सापडत नव्हता. बूट घातल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हे आपणच तिला शिकवलंय. एका बुटानिशी ती बाहेर येणार नाही. ओढू नका. ओढलंत तर आणखी आत जाईल.”

“मग काय करू?”

“तिच्यासारखे व्हा.”

मी गल्लीतून कसा गेलो ते आठवत नाही. आत घंटा चालूच होती. पॅसेजचे दिवे लागलेले, पण छताखाली करडा धूर पसरला होता आणि घशात बोचत होता. झोपायच्या खोलीत गाद्यांची चळत भिंतीपासून वीतभर पुढे सरकलेली. मागे खतिजा बसली होती. दोन्ही तळवे कानांवर. एका पायात बूट, दुसऱ्यात पिवळा मोजा.

“खतिजा, कम,” मी म्हणालो. ती आणखी आत सरकली. मी हात पुढे केला. ती किंचाळली.

धूर दाराच्या चौकटीपर्यंत उतरला होता. हाताला धरून ओढून काढावी, दोन सेकंदांचं काम, असं शरीर सांगत होतं. पण चळत मोठी होती, फट लहान. ती आणखी आत गेली असती तर गाद्या उपसाव्या लागल्या असत्या. मी खाली बसलो. गुडघे दुखतात माझे, पण बसलो. डाव्या पायातला बूट काढला आणि तिला दिसेल असा दूर भिरकावला. मग दोन्ही हात कानांवर ठेवले आणि तिच्याकडे न पाहता बसून राहिलो.

अकरा वर्षांत मी त्या खोलीत जमिनीवर बसलो नव्हतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. हिशेब करायची शुद्ध नव्हती.

“अंकल शू गॉन,” ती म्हणाली.

“गॉन,” मी म्हणालो. “बाहेर शोधायचा.”

तिनं थोडा विचार केला. मग फटीतून बाहेर आली आणि माझं बोट धरलं. आम्ही दोघं एकेका बुटानं लंगडत पॅसेजमध्ये आलो. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तिनं स्वतःच हात वर केले. मी उचललं आणि धावलो.

पार्किंगमध्ये मी तिला खाली ठेवलं. अक्षदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “खतिजा,” म्हणाली. एवढंच. मग तिनं साकिबला दोरीवरून सोडवून तारा मिसकडे दिलं, रिकामी कडी खतिजाच्या हातात दिली, आणि मगच भिंतीला टेकून खाली बसली.  हारिसनं पाणी आणलं ते तिनं आधी खतिजाला पाजलं.

जळला होता तो एसीच्या मशीनचा पट्टा. पंचवीस मिनिटांनी आलेल्या अग्निशमनवाल्यांनी तो विझवला. कोणाला काही झालं नाही. दुपारी खतिजाचे वडील आले, तेव्हा मिस लीनांनी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही न लपवता. मी शेजारी उभा राहून माझा भाग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “ती नाही, हे कोणाला कळलं?” आम्ही अक्षदाकडे बोट दाखवलं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि मुलीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते तिला परत आणतील याची आमच्यापैकी कोणालाही खात्री नव्हती.

मुलं गेल्यावर मिस लीनांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर अक्षदाची फाइल होती.

अक्षदा उभीच राहिली. हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाली, “तिसरा मेमो द्यायचा असेल तर द्या. मी आजही मोजलं नाही. पण एक सांगते. आज दाराशी मी नावं घ्यायची थांबले ती मेमोच्या भीतीनं. घेतली असती तर दुसऱ्याच नावाला कळलं असतं. ती माझी चूक. ती मी पुन्हा करणार नाही.”

पॅसेजमधून सफाईवाल्याच्या झाडूचा आवाज येत होता. मिस लीनांनी फाइल उघडली. मी म्हणालो की चूक रजिस्टरची, म्हणजे माझी. त्यांनी हातानं मला थांबवलं.

“अग्निशमनवाले नाव विचारत नाहीत,” त्या अक्षदाला म्हणाल्या. “आकडा विचारतात. तोही लागतो. तो मी सोडणार नाही.”

“नाव मी घेते. आकडा दुसऱ्या कोणी घालावा.”

“आणि एक मिनिट?”

“आज दुसरं नाव किती सेकंदांत आलं असतं, मॅडम?”

मिस लीनांनी फाइल बंद केली. मला म्हणाल्या, “टाइप करा.” त्या दिवशी मी दोन मेमो टाइप केले. एक माझ्या नावाचा, उशिरा आलेल्या मुलाची नोंद न केल्याबद्दल. दुसरा त्यांच्या स्वतःच्या नावाचा, दाराशी हजेरी थांबवल्याबद्दल. दोन्हीवर त्यांनी सही केली. अक्षदाच्या फाइलमध्ये काही घातलं नाही, पण तिला काही आश्वासनही दिलं नाही. “नऊ दिवस आहेत,” एवढंच म्हणाल्या.

ते नऊ दिवस अक्षदासाठी आधीच्या तीन महिन्यांपेक्षा अवघड गेले असतील. मिस लीना प्रत्येक दाराशी घड्याळ घेऊन उभ्या राहत. अक्षदा हात लावून नावं घेई, मी प्रत्येक नावाला एक रेघ मारी. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस सेकंद लागले. सहाव्या दिवशी बावीस. सुट्टीचे दिवसही या नऊ दिवसांत धरलेले असल्यानं शेवटचा दिवस गुरुवारी आला. खतिजा तेव्हा रांगेत होती. वडिलांनी तिला तीन दिवस घरी ठेवून चौथ्या दिवशी परत आणलं होतं, नवे बूट घालून. एक वाजता मिस लीनांनी पक्क्या नेमणुकीचा कागद सही करून माझ्याकडे दिला आणि निघून गेल्या. मी तो अक्षदाला नेऊन दिला. ती सिंकपाशी रंगाचे ब्रश धूत होती. हात ओले होते म्हणून म्हणाली, “वाचून दाखवा.” मी वाचला. तिनं ब्रश धुऊन पुरे केले.

शैलेशचं नवं कंत्राट ऑगस्टमध्ये झालं. तोवर घर तिनं चालवलं.

आता नव्यानं येणाऱ्या बाईला मी जे छापील पान देतो, त्यात एक ओळ वाढली आहे. आधी नाव, मग आकडा, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी. अक्षदा त्या बाईला घेऊन दाराशी उभी राहते आणि करून दाखवते. मी शेजारी रेघा मारतो. शेवटचं नाव झालं की ती माझ्याकडे पाहते.

“चौदा,” मी म्हणतो. आकडा अजूनही मलाच म्हणावा लागतो.